पिलूची अकरा रोपं

आमचा कंपू तिघांचा. मी शाळामास्तर, शहरातल्या राजापेठेतून भातकुलीपलीकडच्या एका गावात रोज अपडाऊन करणारा. दुसऱ्या सुलभाताई, त्याच गावच्या सरपंच. तिसरे देवीदासभाऊ, कापूस-तुरीचे शेतकरी. आम्ही गावाच्या स्मशानात झाडं लावली. झाडं वाढली त्याहून त्यांचे किस्से जास्त वाढले. आता ते सांगताना हसतो.

*

गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी खारट, उन्हाळ्यात काळ्या जमिनीवर पांढरा थर चढतो. स्मशानात कडुनिंब लावले, करंज लावले, सगळे करपले. एका मे महिन्यात मयतीला गेलो. दुपारचे चार, पण ऊन बाराचं. सरण पेटल्यावर वळून पाहिलं, तर आठ-दहा माणसं लाइटच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक उभी! सावली सरकली की रांग सरकायची.

सुलभाताई सरपंच म्हणून फाटकाशी आल्या होत्या. त्यांनी ती रांग पाहिली आणि मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन एवढंच म्हणाल्या, "सर, खाऱ्या जमिनीत जगते असं एखादं झाड सांगा."

*

मी पिलू सांगितलं. कच्छकडे खाऱ्या मातीत हे झाड आपसूक उगवतं. सुलभाताईंचा भाऊ तिकडे ट्रक घेऊन जातो. त्यानं पिलूची पिशवीभर फळं आणली आणि देवीदासभाऊंच्या घरी ठेवली. बी लवकर मरतं, म्हणून मी शाळा सुटताच धावत गेलो. पिशवी अर्धी रिकामी होती.

देवीदासभाऊंनी चव पाहिली होती, शेजाऱ्यांनाही दिली होती. गोड लागतं, मग मोहरीसारखं जिभेला झोंबतं, असं कौतुकानं सांगू लागले. बिया कुठे, मी विचारलं. त्यांनी अंगणाकडे बोट दाखवलं. मग एक सरपंच, एक मास्तर आणि एक शेतकरी दिवस मावळेपर्यंत थुंकलेल्या बिया वेचत होते. पेरलेल्यातून अकरा रोपं आली.

*

ती रोपं वाढवली मी, राजापेठेतल्या आमच्या गॅलरीत. स्मशानाची झाडं आई घरात ठेवू देणार नाही हे ठाऊक होतं. म्हणून सांगितलं, दातणाची आहेत. खोटं नव्हतं, पिलूचं दातण करतातच. पण आईनं ते शेजारच्या काकांना सांगितलं, आणि एका सकाळी काका एका रोपाचा शेंडा तोंडात घालून गॅलरीत उभे!

  पंधरा दिवस त्या खुंटाकडे पाहून शाळेत जायचो. सोळाव्या दिवशी बाजूनं फुटवा आला.

न्यायच्या दिवशी एसटीत कंडक्टरनं विचारलं, एवढी झाडं कुठे? आईपासून लपवलेलं त्याला खरं सांगून टाकलं. शेजारचा प्रवासी उठून पुढे जाऊन बसला. रोपांना सीट मिळाली.

*

पहिला उन्हाळा वाईट गेला. अकरापैकी सात रोपांची पानं गळाली. सुलभाताईंनी गोड्या पाण्याचा टँकर सांगितला. देवीदासभाऊ आडवे आले. गावाले प्यायले पाणी नाही आन् झाडाले टँकर कावून, असं त्यांचं म्हणणं. वर ते विहिरीचं खारं पाणीच घालायला लागले. दोघांचं बोलणं बंद झालं. मधे मी. भाऊंना वाटे मी ताईंचा, ताईंना वाटे मी भाऊंचा. मला तर कोण बरोबर तेच कळत नव्हतं. रोज काडी नखानं खरवडून पाहायचो, आत हिरवं आहे का.

जूनमध्ये सातही रोपांना पालवी आली. देवीदासभाऊंनी ताईंना निरोप धाडला, "सांगा त्याईले, लेकरू खाऱ्या पाण्याचंच हाय." ताई त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी चहाला गेल्या.

*

तिसऱ्या वर्षी झाडं माणसाच्या खांद्याएवढी झाली. तेव्हा देवीदासभाऊंच्या आई हट्ट धरून बसल्या, मले झाडं दाखवा. वय नव्वदीकडे, अंगात ताप. भाऊंनी टाळून पाहिलं. शेवटी घाबरत घाबरत गाडीवर बसवून आणलं. मी मागून सायकलवर होतो.

दुपार कलली होती. आजी कोणत्याही झाडापाशी थांबल्या नाहीत. थेट दहनाच्या ओट्याकडे गेल्या. अग्नी देताना थोरला मुलगा कुठे उभा राहतो, ते मला विचारलं. मी जागा दाखवली. तिच्या लगतच एक पिलू होतं. आजींनी भाऊंचं मनगट धरून त्यांना तिथं उभं केलं आणि दोन पावलं मागे सरून बघत राहिल्या. भाऊंच्या खांद्यापर्यंत सावली होती.

"डोक्श्यावर ऊन हाय तुह्या," आजी म्हणाल्या. "अजून एक पावसाळा लागते. थांबतो मी. चाल घरी."