तिरडी उचलायच्या आत

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या उज्ज्वलाबाईला मयतीच्या घरी कोणी "या, बसा" म्हणत नाही. म्हणावं तरी का? लोक रडायला येतात आणि ही कागद घेऊन येते. तशी ती वांगी-मेथीच्या मळ्यातली बाई, पहाटे बाजारातल्या हर्रासीला, म्हणजे लिलावाला, भाजी पोचवून मगच दुसऱ्या कामाला लागणारी. पण गेली सहा वर्षं ती विधी सेवा समितीची स्वयंसेवक आहे. रस्त्यावर अपघातात कोणी गेलं की तिला फोन येतो. पोलिसांत खबर, शवविच्छेदन, पुढं कोर्टातला भरपाईचा दावा, हे सगळं ती घरच्यांना समजावते, फुकट वकील मिळवून देते. फक्त तिरडी उचलायच्या आत पोचावं लागतं.

त्या दिवशी शेलूबाजारजवळ रामरावच्या अंगणात ती पोचली तेव्हा आंघोळीचं पाणी तापत होतं. रामरावचा मुलगा हरीओम सकाळी भाजी घेऊन निघाला आणि मागून ट्रकनं त्याची मोटारसायकल उडवली. अकोल्याला नेताना वाटेतच जीव गेला, तशी माणसांनी गाडी तिथूनच घराकडं वळवली. आपल्याकडं असंच करतात. देह कापू द्यायचा नाही, अख्खा घरी आणायचा. त्यामुळं ना दवाखाना, ना पोलीस, ना कागदाचा एक चिटोरा. ट्रकवाला मात्र बिनघोर आपल्या वाटेनं निघून गेला.

उज्ज्वला रामरावपुढं बसली आणि आडवळण न घेता बोलली. ट्रकचा नंबर पाहणारा माणूस आहे, पण आता अग्नी दिला तर हरीओम अपघातानंच गेला हे उद्या कोर्टात कशावरून सांगणार? सुनेला सातवा महिना आहे, तिनं कोणाकडं पाहायचं? भाऊबंद उज्ज्वलावर तुटून पडले. एकानं तर दारच दाखवलं. ती बसूनच राहिली. शिव्यांचं तिला आताशा काही वाटत नाही. समोरच्याच्या रडण्याचंही वाटत नाही, आणि त्याची मात्र तिला कधीकधी भीती वाटते.

रामरावनं मान वर करून तिच्या मोकळ्या कपाळाकडं पाहिलं. "बाई, तुह्या मालकाची केली होती का चिरफाड?"

"नाही केली," ती म्हणाली. "मीच नाही म्हनलं, दादा. देहाले हात लावू नका म्हनलं. मंग थे कशानं गेले, हेच मले कोर्टात सांगता नाही आलं. तिथं मले इचारत होते, दारू पेत होते का तुमचे मालक."

रामराव सुनेकडं पाहू लागला. त्या घरात कशातही तिचं मत घ्यायची रीत नव्हती, आणि आता सगळं अंगण तिच्या तोंडाकडं बघत होतं.

सून रूपाली सकाळपासून रडली नव्हती की बोलली नव्हती. ती भिंतीला धरून उठली, आत गेली आणि पायात चपला घालून बाहेर आली. सासू प्रयागबाईनं विचारलं, कुठं निघाली.

"दवाखान्यात," रूपाली म्हणाली. "मी जातो यांच्या संगं. थे एकटे नाही जात. सुईले भेतात."

उज्ज्वलानं घाईनं फोन काढला. पोलीस ठाण्याचा नंबर तिला तोंडपाठ होता. पण तिथं उभ्या उभ्या तो तिला काही केल्या आठवेना.