समेटाचं पाणी

नाताळाआधीच्या चार रविवारांना आमच्यात आगमनकाळ म्हणत. प्रभू येणार, त्याच्यासाठी मन झाडूनपुसून ठेवा, असं उपदेशक दर रविवारी सांगायचे. मंडळीनं मनाचं काय केलं ते मला ठाऊक नाही. देवळाच्या भिंती मात्र दरसाल पांढऱ्या मातीनं पोतारल्या जायच्या, आणि तेवढ्यावर सगळे खूश असायचे.

वाशीमकडच्या गोरेगावपासून कोसभर आत आमचं गाव. ख्रिस्ती घरं मोजकीच, सगळी महारवाड्यातून उठून मिशनच्या जागेवर येऊन बसलेली. गावानं आपल्याला विहिरीवर चढू दिलं नाही, हे आमच्या वडीलधाऱ्यांचं जन्माचं रडगाणं. तेच दुसऱ्याच्या वाट्याला द्यायची वेळ आली की त्यांच्या अंगात कुठून उत्साह यायचा कोण जाणे. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर. त्यामुळे या सोंगात आमचं घर पुढं.

लढाईची वर्षं होती. माझा काका पलटणीत भरती झाला होता. जायच्या आधी त्यानं वाशीमला मिशनच्या दवाखान्यात कामाला असलेल्या बाईशी लग्न केलं आणि तिला आमच्या घरी आणून सोडलं. काकू बाप्तिस्मा घेतलेली, गळ्यानं गोड, वचनं वडिलांपेक्षा जास्त पाठ. पण ती मूळची मांगवाड्यातली. माझी आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून घरात काकूच्या हातची भाकरी सगळ्यांना चालायची. घराबाहेर वडील ते बोलायचे नाहीत आणि शेजारी विचारायचे नाहीत.

काकूला एकच हवं होतं. नाताळाच्या दिवशी मिशनचा गोरा साहेब प्रभुभोजन द्यायचा, म्हणजे प्रभूच्या नावानं भाकर आणि एकाच पेल्यातला घोट, त्या ओळीत तिला बसायचं होतं. वाशीमला ती बसत होती. इथं तिला अजून घेतलं नव्हतं. आमच्यात रीत अशी, की आगमनकाळाच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांनी एकमेकांच्या हातचं पाणी प्यायचं. त्याला समेटाचं पाणी म्हणत. ज्याच्या हातचं पाणी मंडळीतल्या पंचांनी घेतलं नाही, त्याचा समेट झाला नाही, आणि समेट नाही त्याला प्रभुभोजन नाही. रीत चांगलीच होती. चांगल्या रितीचा गळा कसा दाबायचा हे आमच्या पंचांकडून शिकावं.

त्या वर्षी आगमनकाळ लागल्यापासून काकू हरखून गेली होती. दिवसभर कापूस वेचून यायची आणि संध्याकाळी देवळाची जमीन सारवायची. त्या सारवणाला पाणी तिनंच आणलेलं. त्याचा विटाळ कुणाला झाला नाही.

शेवटच्या रविवारी ती घासूनपुसून लखलखीत केलेला तांब्या घेऊन उभी राहिली. पहिल्या पंचानं पोटावर हात ठेवला आणि डोळे मिटून म्हणाला, "आज निर्जळी हाय माही." दुसऱ्याचीही निर्जळी. तिसऱ्याचीही. एकादशी सोडून पिढी गेली, पण निर्जळी यांना बरोबर आठवली होती. त्याआधी एकमेकांच्या हातचं पाणी ते घटाघटा प्याले होते, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. शेवटी काकू वडिलांपुढं आली.

"उपास हाय," वडील म्हणाले.

"भाऊजी, सकाळी मह्या हातच्या दोन भाकरी खाल्ल्या तुमी."

"त्याच्या नंतर धरला."

कुणी हसलंसुद्धा नाही. उपदेशक घसा खाकरून म्हणाले, "बाई, पुढच्या नाताळाला बघू." हा माणूस चार आठवडे आम्हाला मन साफ करायला सांगत होता. मला त्याची किळस आली.

नाताळाच्या दिवशी साहेब वाशीमकडून मोटारीनं आला. हद्दीवरच्या कनेरगाव नाक्यावर शिपायांनी अडवलं म्हणून उशीर झाला, म्हणाला, आणि लगबगीनं उभा राहिला. तेवढ्यात काकू उठली आणि ओळीत सगळ्यात पुढं जाऊन बसली. उपदेशकानं हातानं खुणा केल्या. तिनं पाहिलं नाही, किंवा पाहून सोडून दिलं. साहेबाला कारण सांगायची उपदेशकाची छाती नव्हती. काय सांगणार होता?

साहेबानं तिला आधी भाकर दिली, मग पेला. पेला चांदीचा, आत मनुका उकळून गाळलेलं पाणी. काकूनं ओठ लावले आणि पेला शेजारी दिला. शेजारी पहिला पंच. त्यानं साहेबाकडं पाहिलं. साहेब त्याच्याचकडं पाहत होता. मिशनची जमीन कसणारा माणूस, तो प्याला. दुसरा प्याला. तिसरा प्याला. माझे मास्तर वडील तर डोळे मिटून इतक्या भक्तीनं प्याले की साहेबानं मान डोलावली. यांचा धर्म, यांचा विटाळ, यांची निर्जळी, सगळं त्या एका गोऱ्या माणसाच्या नजरेपुरतं.

काकूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला वाटलं, झाला समेट.

घरी येताना वाटेत ओढा लागतो. पंच पुढं चालले होते. पहिला खाली उतरला, ओंजळ भरली, खळखळून चूळ भरली आणि थुंकला. मग दुसरा उतरला, मग तिसरा. वडील काठावर घुटमळले. रोज तिच्या हातचं खाणाऱ्या माणसाला चूळ भरायची काय गरज होती? पण पंच वर वळून त्यांच्याकडं पाहत होते. वडील उतरले आणि त्यांनीही चूळ भरली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

काकू माझ्याबरोबर मागं चालत होती. तिनं सगळं पाहिलं. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चाल पोरी, घरी पोळ्या करायच्या हायत."

घरी तिनं पुरणाच्या पोळ्या केल्या, वडिलांना वाढल्या. वडिलांनी आणखी एक मागून घेतली. मी त्यांच्या पंगतीला बसले नाही, आणि ते होते तोवर परत कधी बसले नाही.