मामीसाठी खाली बसणारी गाडी

या सदरातले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, आणि खरं सांगू का, निम्मे वाचताना हसलोय. हडळ, चकवा, पांढरी साडी... माझा धंदा गॅरेजचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात निम्मं आयुष्य गाड्यांखाली झोपून गेलं. गाडी आवाज करते म्हणजे काहीतरी ढिलं झालंय, एका बाजूला बसते म्हणजे काहीतरी तुटलंय नाहीतर गळतंय. यापलीकडे काही नसतं असं मी मानतो. आजही कुणी म्हणालं की "गाडीला नजर लागलीया", तर मी त्याला आधी ऑइल कधी बदललं ते विचारतो. तरीही हे लिहितोय... कारण एक गोष्ट मला इतक्या वर्षांत सुटलेली नाही.

साल २००४ असेल. माझे मामा-मामी जयसिंगपूरच्या बाहेर, शेतातल्या घरात राहायचे. माझी शाळा त्यांच्याच घरी झाली. आम्ही जैन, त्यामुळे जेवण दिवस मावळायच्या आत. मी खेळून उशिरा यायचो आणि मामी माझ्यासाठी थांबलेली असायची. तोवर दिवस बुडालेला. "पोरास्नी माफ असतंय," म्हणून ती मला गरम भाकरी वाढायची आणि स्वतः तशीच उपाशी झोपायची. एका शब्दानं बोलायची नाही. त्यापेक्षा दोन रट्टे घातले असते तर बरं झालं असतं.

पुढे मामीच्या गुडघ्यांनी दावा साधला. उंच जीपमध्ये तिला चढता येईना, बुटक्या कारमधून उठता येईना, आणि शेताच्या रस्त्यावर तर बुटकी कार चिखलात पोटावर बसायची. तेव्हा मामांनी कागलच्या एका कारखानदाराची जुनी परदेशी जीप विकत घेतली. सगळ्या पाहुण्यांनी त्यांना वेड्यात काढलं. "मामा, त्यापरीस हत्ती पाळायचा," असं मीच म्हणालो होतो. पण मामांनी बरोबर हेरलं होतं. त्या गाडीला स्प्रिंगच्या जागी हवेचे चार रबरी फुगे होते, प्रत्येक चाकावर एक. एक बटण दाबलं की फुग्यांतली हवा सुटायची आणि गाडी हळूहळू वीतभर खाली बसायची. दुसरं बटण दाबलं की कंप्रेसर घुर्रर्र करत हवा भरायचा आणि गाडी पुन्हा वर.

रोज संध्याकाळी जेवण झालं की दोघं बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला जायची. मामा गाडी खाली बसवायचे, मागचं डावं दार उघडून धरायचे. मामी पुढे कधीच बसली नाही, तिला समोरून येणाऱ्या ट्रकांची भीती वाटायची. ती टेकली की मामा विचारायचे, "बसलीस?" आतून आवाज यायचा, "बसलो, चला." मग गाडी वर. हे मी कितीदा पाहिलंय आणि कितीदा चेष्टा केलीय. "मामी, महाराणी सरकारांचा उंट बसला बघा!" म्हणायचो. ती हसून मला चप्पल दाखवायची.

२००४च्या थंडीत मामी गेली. हार्ट अटॅक. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

महिन्याभरात माझा मामेभाऊ अजित, जो पुण्यात नोकरीला होता, त्याचा फोन आला. मामांना तो पुण्याला न्यायला बघत होता आणि मामा हलायला तयार नव्हते. कारण विचारलं तर म्हणाले होते, "तुजी आई येतीया रोज." गाडी रोज संध्याकाळी आपोआप खाली बसत होती. बटण नाही, चावी नाही. मामा जाऊन दार उघडून धरायचे, थोड्या वेळानं लावायचे आणि आत येऊन गप बसायचे. रात्रीत गाडी तशीच राहायची, सकाळी चालू केली की वर यायची.

"बाबा जेवत न्हाईत नीट," अजित म्हणाला. "एकटे ऱ्हायले तर ह्या वर्षात तेबी जातील. तू ती हवा कुठनं गळतीया ते हुडीक आणि त्यांच्या डोळ्यांस्नी दाखव. मग येतील."

मी गाडी आधी गॅरेजला आणली. इथे आठवडाभर ती खांबासारखी उभी. परत नेऊन लावली, त्याच संध्याकाळी बसली. मग एका रविवारी हत्यारं घेऊन मीच मामांच्या अंगणात गेलो.

मला बघून मामा म्हणाले, "ये. पर एक सांग... तू पुण्याला घिऊन जायाला आलायस न्हवं मला?"

"मी गाडी बघायला आलोय, मामा."

"मी गेलो आणि हिकडं ती येऊन दारात हुबारली तर? त्या पायांनी तिनं कुठवर चालायचं?"

मी साबणाचं पाणी कालवलं आणि गाडीखाली शिरलो. पाइपांचे सांधे झाले, व्हॉल्व्ह झाले, पुढचे फुगे झाले. बुडबुडा म्हणून नाही. आणि शेवटी मागच्या डाव्या फुग्याच्या रबराच्या घडीत, अगदी आत, एक चीर दिसली. साबण लावला की तिथे बारीक फेस धरत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तो कोपरा खाली गेला की त्या गाडीची यंत्रणाच बाकीच्या तीन फुग्यांतली हवा सोडून गाडी सपाट करते. म्हणून ती बटण दाबल्यासारखी चारी बाजूंनी सारखी बसत होती. सगळं जुळलं. गॅरेजमध्ये का बसली नाही एवढं सोडलं तर... पण रबर आहे, थंडी-उन्हाचं असतं काहीतरी, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

मामांना खाली वाकवून दाखवलं. ते गुडघ्यावर बसले, फेसाकडे बराच वेळ बघत राहिले. बोट लावून बघितलं.

"म्हंजे हवाच व्हती," ते म्हणाले. "ती न्हवती."

मी "व्हय" म्हणालो. आयुष्यात एवढा जड शब्द मी कधी उच्चारला नाही. गळती सापडली की मेकॅनिकला आनंद होतो, मला तिथे रडू येत होतं. मामा उठले, हात धुतले आणि म्हणाले, "अजितला सांग. येतो म्हनावं."

मी नवा फुगा बसवला. जुन्या गळतीपायी रोज धावून कंप्रेसर पार थकला होता, तो उघडून दुरुस्त करायचा म्हणून काढून कट्ट्यावर वर्तमानपत्रावर ठेवला. बॅटरीची वायरही सोडलेली. फुग्यांत हवा भरली ती पंक्चरवाल्याकडून आणलेल्या टाकीनं, एकेक करून, आणि टाकी रिकामी होताच परत पाठवली. पुन्हा सगळीकडे साबण लावला. कुठेच फेस नाही. गाडी ताठ उभी.

ऊन उतरलं. मामांच्या हातची पिठलं-भाकरी आम्ही दोघांनी दिवस असतानाच खाल्ली. मी अंगणात येऊन हत्यारं गोळा करत होतो. मामा टोपी घालून बाहेर आले, सवयीनं गाडीपाशी गेले आणि मागचं डावं दार उघडून धरलं. माणसाची सवय एका दिवसात कुठे जाते?

आणि गाडी खाली बसायला लागली.

हळू. चारी चाकांवर सारखी. मी हातातला पाना तसाच धरून बघत होतो. मनात हिशेब चालू होता की व्हॉल्व्हमधून सुटली हवा, दुसरी गळती असणार, राहिली असेल माझ्या नजरेतून. खाली जाण्याला कारण असतं. मामा दार धरून उभे होते. मग त्यांनी नेहमीच्याच आवाजात विचारलं, "बसलीस?"

आवाज वगैरे काही आला नाही. मला आला नाही, एवढंच मी सांगू शकतो. मामांनी मान हलवली आणि दार अगदी हलक्या हातानं लावलं.

आणि गाडी वर आली.

ज्यांना गाड्यांतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाली जायला हवा सुटली की झालं. वर यायला हवा भरावी लागते, आणि हवा भरणारा कंप्रेसर माझ्यापासून चार हातांवर कट्ट्यावर पडला होता. घुर्रर्र आवाज नाही, काही नाही. गाडी आपल्या पूर्ण उंचीवर येऊन थांबली.

"मामा, मी काय केलं न्हाई. बटण..."

"म्हाईत हाय मला. यंत्र कट्ट्यावर हाय की." मामा डोळे पुसत होते, पण मामी गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झालेला मी पाहिला. "बसली ती. आता कुटंबी जाता येतंय. जोड तुजं यंत्र आणि सोड आमाला पुण्याला."

पुढच्या आठवड्यात मीच गाडी चालवत त्यांना पुण्याला पोचवलं. मामा पुढे बसले नाहीत. मागे उजवीकडे बसले, डावी जागा मोकळी ठेवून. वाटेत दोनदा त्यांनी काच खाली करायला सांगितली, "तिला वारं लागू दे," म्हणून. गाडी विकायचं नाव अजितनं कधीच काढलं नाही.

त्या संध्याकाळचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. त्या प्रकारच्या गाड्यांवर काम केलेल्या दोघा-तिघांना विचारलं. खाली गेली म्हटल्यावर सगळे कारणं सांगतात, वर आली म्हटल्यावर माझ्याकडे बघतात. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा.

मामा पुण्यात दोन वर्षं जगले. मी फोन केला की आधी तब्येत विचारायचो आणि मग गाडी. तिला पुन्हा कधी काही झालं नाही. शेवटच्या पावसाळ्यात एकदा मी चेष्टेनं विचारलं, "काय मामा, बसतीया का गाडी?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"न्हाय रं," ते म्हणाले. "रोज दिस मावळताना खाली जाऊन दार उघडून हुबारतोय. हलत न्हाय. वाटंत कुटं उतरली का काय कुणास ठावं." मग, मला वाईट वाटू नये म्हणून की काय, म्हणाले, "तुजं काम लई पक्कं झालंय बघ."