बेल न उचललेला सदस्य

उपसरपंचानं स्वतःच्या गटातल्या सदस्याला फसवलं, आणि त्या सदस्याच्या बायकोचा अंगठा घेऊन पोलिसांनाही फसवू पाहिलं. ते प्रकरण मी विसरलेलो नाही. विसरावं, असा सल्ला पुष्कळांनी दिला. पण शिपाई म्हणून भरती होऊन, खात्याच्या परीक्षा देत ठाणेदार झालेल्या माणसाला फुकटचे सल्ले पचत नाहीत.

सातपुड्याच्या पायथ्याचं ते गाव. नाव सांगत नाही. नळयोजनेचं काम अर्धवट असताना ते पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही करायला सरपंच बाईंनी नकार दिला होता. उपसरपंचाचा गट म्हणे, बाईंना टक्केवारी हवी आहे. बाईंचा गट म्हणे, उपसरपंचच ठेकेदाराचा भागीदार आहे. दोघांच्या पाठीशी जिल्ह्यातले दोन वेगळे पक्ष. बाईंवर अविश्वास ठराव आला. तो मंजूर व्हायला उपसरपंचाला आपल्या गटातलं प्रत्येक मत लागणार होतं. सभा तोंडावर आली आणि त्याच गटातला एक सदस्य नाहीसा झाला. हा माणूस शिंपी. त्याच्या गल्लीत पाणी येत नव्हतं, त्यामुळे तो बाईंच्या बाजूनं झुकतोय अशी कुजबुज होती.

त्याची बायको ठाण्यात आली ती उपसरपंचाच्या माणसाबरोबर. तक्रार आधीच टाइप केलेली, खाली तिचा अंगठा. सरपंच बाईंच्या नवऱ्यानं माझ्या पतीला पळवून नेलं, असा मजकूर. मी तिला विचारायचो आणि उत्तर तो माणूस द्यायचा. साक्षीदाराबरोबर असा माणूस आला की आधी त्याला बाहेर काढावं. मी त्याला झेरॉक्स काढायला पाठवलं. तो पायरी उतरल्यावर बाई खाली मान घालून बोलली, "साहेब, घरात सुतक हाये. भासऱ्याची तेरवी व्हाची हाये. सख्ख्या भावाची तेरवी टाकून तो कुठी जाईन काय?"

पुढं काही विचारलं की ती दाराकडं बघायची. घाबरलेली माणसं मी खूप पाहिली. ही मात्र तक्रार कोणाविरुद्ध आहे त्याला घाबरत नव्हती, तक्रार कोणी आणली त्याला घाबरत होती.

मी गावात गेलो. जीप वळली तशी दारं लागत गेली. पोलीस पाटलानंसुद्धा ताप आल्याचं सांगितलं. सरपंच बाईंच्या नवऱ्याला चौकशीला बोलावलं, तर तो येण्याआधी मला फोन आले. एका पक्षाचा पदाधिकारी म्हणाला, त्याला आत टाका. दुसऱ्या पक्षाचा म्हणाला, हात लावून बघा. हरवलेला माणूस जिवंत आहे का, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही.

मग एक निनावी फोन आला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा. "तो उपसरपंचाच्याच गाडीत बसला होता. डायवरले इचारा." एवढंच बोलून फोन बंद.

ड्रायव्हरला आणलं. पाठ केल्यासारखं बोलला. गटातले सगळे सदस्य गाडीनं महादेवाच्या देवळात गेले, शिंपी परत येताना शेताजवळ उतरला, पुढचं माहीत नाही. माझे वडील बैलबाजारात दलाली करत. सौदा पाडायचा तर बैल सोडून बाकी सगळं बोलावं, हे मी त्यांच्याकडून शिकलो होतो. म्हणून मी अपहरणाचं नावच काढलं नाही. देवळाविषयी गप्पा मारल्या. गर्दी होती का, नारळ कोणी फोडला, बेल कोणी उचलला. आमच्याकडे मतदानाआधी सदस्यांकडून पिंडीवरचा बेल उचलून शपथ घेतात. एकदा बेल उचलला की माणूस सहसा फुटत नाही.

"सगळ्यायनं उचलला."

"शिंप्यानंही?"

"हाव. तोच सगळ्यात आधी आत गेला."

मी चहाचा कप खाली ठेवला. "अबे, त्याच्या भावाची तेरवी बाकी हाये. सुतकातला माणूस गाभाऱ्यात गेला, अन् तुम्ही जाऊ देल्ला?"

त्यानं माझे पाय धरले. "साहेब, मले लेकरं हायेत."

मी सौदा केला. तुला आरोपी नाही, साक्षीदार करतो, जागा सांग. त्यानं सांगितलं. शिंपी देवळाच्या पायरीशीच थांबला होता. सुतकामुळं त्याला शपथ घेता येईना, आणि ज्यानं बेल उचलला नाही त्याचा भरवसा उपसरपंचाला वाटेना. सभेच्या दिवसापर्यंत त्याला कोंडायचं ठरलं. आळ सरपंच बाईंच्या नवऱ्यावर ढकलला की एका दगडात दोन पक्षी.

एका बंद जिनिंगच्या गोदामात आम्ही भर दुपारी शिरलो. सरकीच्या ढिगामागं तो बसला होता. खाकी कपडे दिसताच मागं सरकत भिंतीला चिकटला. कोंडणाऱ्यांनी त्याला सांगून ठेवलं होतं, की पोलीस आपलेच आहेत. मी जवळ गेलो तेव्हा त्यानं विचारलं, "साहेब, तुमी कोनाचे?"

माझा राग प्रसिद्ध होता. त्या क्षणी मात्र राग आला नाही, भीती वाटली. नोकरीत पहिल्यांदा.

त्यानं जबाब दिला. उपसरपंचानं त्याला बजावलं होतं, "मत देऊन मोकळा हो अन् भावाची तेरवी कर. नाही तं घरात दुसरी तेरवी व्हईन." मी गुन्हा दाखल केला. उपसरपंच अटकपूर्व जामीन घेऊनच सभेला आला. शिंप्याला मी बंदोबस्तात ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत नेलं. वाटेत तो म्हणाला, आता ठरावाच्या बाजूनं हात वर करणार नाही. आत सदस्य आणि सभा चालवणारे अध्यासी अधिकारी यांच्याशिवाय कोणी नको, असा नियम. खिडकीतून पाहतो, तर उपसरपंचाचा भाऊ शिंप्याच्या अगदी मागच्या खुर्चीवर. तो सदस्य नव्हता. मी आत निरोप पाठवला. उत्तर आलं, सभा माझ्या अधिकारात आहे, पोलिसांनी बाहेर थांबावं.

भाऊ पुढं झुकून त्याच्या कानाशी काहीतरी बोलला. शिंप्याचा हात वर गेला.

ठराव मंजूर झाला. शिंपी आणि ड्रायव्हर दोघेही कोर्टात फितूर झाले. माझी बदली नियंत्रण कक्षात झाली. शिंपी कुटुंब घेऊन गाव सोडून गेला. पुढं उपसरपंच दुसऱ्या पक्षात गेला, आणि त्याला भ्रष्ट म्हणणाऱ्यांनीच त्याच्या गळ्यात हार घातला. या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच, की गुंड माणसाला कोंडतो तेव्हा पोलीस त्याला सोडवू शकतात. सरकारी खुर्ची डोळे मिटून बसली, तर कोणीच सोडवू शकत नाही.

पक्षांना मला काही विचारायचं नाही. त्यांची उत्तरं मला पाठ आहेत. मला विचारायचं आहे त्या अध्यासी अधिकाऱ्यांना. साहेब, तुम्हीही निवृत्त झालात, याच जिल्ह्यात राहता. सदस्य नसलेला माणूस त्या खुर्चीवर कोणाच्या सांगण्यावरून बसला? त्याचं नाव सांगा. चारचौघांत सांगा.