माझं गाणं राहिलं

बेंगळुरूतले रिक्षावाले मला इंग्रजीत विचारतात, "वेअर, मॅडम?" आणि भाडं तिप्पट सांगतात. मी म्हणते, "अण्णा, मल्लेश्वरम. मीटर हाकी." मीटर टाका, एवढं कन्नडमधून ऐकलं की आरशातून माझ्याकडे बघणं सुरू होतं, आणि सिग्नलला प्रश्न येतोच: इतकं छान कन्नड कुठे शिकलात? खानापूरच्या सरकारी शाळेत, असं मी हसून सांगते. हसावं लागतं, नाहीतर आपण उर्मट ठरतो.

मी सिद्दी आहे. आमच्या पूर्वजांना कित्येक पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून इकडे आणलं आणि ते बेळगाव-कारवारकडच्या जंगलांत राहिले. रंग आणि केस त्यांचे राहिले, बाकी सगळं इथलं झालं. घरात मराठी, बाजारात कन्नड, गणपतीला मोदक. पण हे प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या मिनिटात पटवून द्यावं लागतं, आणि त्या कामात मी आता तरबेज झाले आहे. कुंकू जरा मोठं लावते. केस तेल लावून घट्ट आवळते. कंपनीचं ओळखपत्र सुट्टीच्या दिवशीही गळ्यात असतं. लिफ्टमध्ये कुणी पर्स पोटाशी धरली, की मी फोन कानाला लावून आईशी मराठीत बोलते. बऱ्याचदा पलीकडे आई नसतेच.

मोठ्याने हसत नाही, बससाठी पळत नाही. होसकोट्याच्या ज्या कारखान्यात मी क्वालिटी तपासते, तिथे स्पोर्ट्स डेला मला न विचारताच शर्यतीत घातलं होतं. मी शेवटून दुसरी आले. मॅनेजरसाहेबांना आपली घोर फसवणूक झाल्यासारखं वाटलं, दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत.

आणि नाच तर कधीच नाही. ऑफिसची पार्टी असो की कुणाची वरात, हात धरून ओढायला लोक तयारच असतात. "अरे, तू तो करेगी ही, तुम लोगों के खून में है." मी भिंतीला पाठ लावून उभी राहते. खरं सांगायचं तर मला नाच जीव की प्राण आहे. आमच्याकडे दमाम नावाचा ढोल असतो. तो वाजायला लागला की माझी आई हातातलं काम टाकून अंगणात उतरायची आणि तिच्या पदराला धरून मी. पण ते गावाकडे. शहरात मी ते पेटीत घालून कुलूप लावलं होतं.

किल्ली फक्त ताईंना दिली, तीही आपणहून.

ताई म्हणजे मल्लेश्वरममधल्या माझ्या गाण्याच्या बाई. यजमानांच्या सरकारी कंपनीतल्या नोकरीमुळे पुण्याहून आल्या आणि इथल्याच झाल्या. मराठी मंडळाचं कुठलंही पान त्यांच्याशिवाय हलत नाही. मी पहिल्यांदा त्यांच्या दारात गेले तेव्हा त्यांनी मला कुठली, काय, काही विचारलं नाही. "पट्टी कोणती तुझी?" एवढंच विचारलं आणि तंबोरा लावायला घेतला. त्या एका प्रश्नावर मी त्यांना जन्माची बांधली गेले. दर शनिवारी बस आणि मेट्रो बदलत मी मल्लेश्वरमला जायची, आणि त्या घरात शिरल्यावर गळ्यातलं ओळखपत्र काढून पर्समध्ये ठेवायची.

मागच्या वर्षी दिवाळीच्या करंज्या करायला त्यांनी मला बोलावलं होतं. घरात आम्ही दोघीच. बोलता बोलता आईचा विषय निघाला, दमामचा निघाला. कसा वाजतो तो, त्यांनी विचारलं, म्हणून मी स्टीलच्या डब्यावर ठेका धरला. आणि मग मला काय झालं कोण जाणे, मी उठले आणि ओट्यासमोरच्या तेवढ्याशा जागेत नाचले. ताई पिठाच्या हातांनी ताल धरत होत्या. दम लागून खाली बसले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"ताई, हे कुणाला सांगू नका हं."

"वेडी आहेस का? माझ्या पोटातच राहील."

यंदा मंडळाची दिवाळी पहाट सगळ्यांच्या सोयीने आधीच्या रविवारी ठेवली होती. ताईंनी मला एकटीला गायला सांगितलं. अहिर भैरव, छोटा ख्याल. आजवर मी मागच्या रांगेत, कोरसमध्ये. त्यामुळे मला दुसरं काही सुचेना. कंपनीच्या बसमध्ये मी ओठांतल्या ओठांत ताना घोकायची, शेजारची मुलगी जागा बदलून बसली. एकदा त्या स्टेजवर बसून गायले की कमीत कमी त्या हॉलमध्ये तरी मला पुन्हा कधी काही सिद्ध करावं लागणार नाही, असं माझ्या मनाने घेतलं होतं. आईला गावाहून बोलावून घेतलं. ती हिरवं इरकल नेसून दुसऱ्या रांगेत बसली, पाय जमिनीला घट्ट टेकवून, एसटीत बसल्यासारखी.

निवेदन ताईंचंच होतं. माझ्या आधीचं गाणं संपलं, मी पदर सावरून स्टेजवर गेले, आणि ताईंनी हातातला कागद बाजूला ठेवला. "आता एक खास नजराणा," त्या म्हणाल्या. रानातली लय, अंगातच भिनलेला ताल, आदिम ऊर्जा. मग त्यांच्या बोलण्यात दमाम आला. मग आई. मग स्टीलचा डबासुद्धा आला, आणि करंज्या, आणि लोक कौतुकाने हसले. तबलजीने ठेका सुरू केला. तो माझ्या ख्यालाचा नव्हता.

मी त्यांच्या जवळ गेले. "ताई, माझं गाणं आहे."

त्यांनी माइकवर हात ठेवला. "अगं, गाणं काय, सगळ्याच गातात. हे फक्त तुझं आहे ना! पाहुणे मुद्दाम यासाठी थांबलेत." मग हात काढून मोठ्याने म्हणाल्या, "लाजतेय आमची मुलगी. आधी थोडा नाच होऊ दे, मग गाणं. काय?"

टाळ्या पडल्या. म्हणजे पाहुण्यांना माहीत होतं, तबलजीला माहीत होतं. माहीत नव्हतं ते मला एकटीला. ताई गालात हसत होत्या, आणि त्या हसण्यात खोट नव्हती, हे मला आजही पचत नाही. दुष्टपणाने केलं असतं तर मी भांडले असते. त्यांनी मला प्रेमाने दगा दिला. पहिल्या दिवशी पट्टी विचारणारी बाईसुद्धा इतकी वर्षं माझ्याकडे बघत वाट पाहत होती की ही नाचेल कधी?

माझे पाय हलेनात. टाळ्या तालात पडू लागल्या. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून आई उठली. तिने पदर कमरेला खोचला, चपला खुर्चीखाली सारल्या आणि पायऱ्या चढून वर आली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. आणि ती नाचली.

सुंदर नाचली, हे मी नाकारणार नाही. पण समोर अंगण नव्हतं, फोन होते. सगळा हॉल हात वर करून तिला टिपत होता. प्रमुख पाहुणे बेताल टाळ्या वाजवत होते. "बघा, रक्तातच असतं यांच्या," पहिल्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं. मला आईचा भयंकर राग आला. हिला काहीच कळत नाही, कुणी टाळ्या वाजवल्या की झालं, असं वाटून मी खाली बघत राहिले.

नाच संपला. ताईंनी डोळे पुसले, आईच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. "काय बहार आणलीत हो! आता वेळ फार झाला आहे, खाली उपमा निवतोय, सगळ्यांनी फराळाला चलावं." खुर्च्या सरकल्या. माझा लावलेला तंबोरा कुणीतरी गवसणीत घातला.

बाहेर रिक्षा केली. "वेअर, मॅडम?" कन्नड बोलायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं, तो म्हणेल ते भाडं कबूल केलं. आई शालीची घडी मांडीवर घालत होती. शेवटी मी तिच्यावर ओरडलेच, "तुला कुणी सांगितलं होतं नाचायला?"

"ती बाई म्हणाली न्हवं, आधी नाच, मग गाणं," आई म्हणाली. "तू नाचायची न्हाईस, ठावं हाय मला. म्हटलं, तुझ्या वाटचं मी नाचतो. म्हंजे तुला गाऊ देतील."

तिने घडी पुन्हा मोडली आणि नव्याने घालायला घेतली.

"मग का गं न्हाई गाऊ दिलं?"