अंधाराला सरावताना

नाट्यगृहाच्या झगमगीत लॉबीत किस्से रंगवत राहिलो आणि लेकीच्या पहिल्यावहिल्या नाटकाला तिसऱ्या घंटेनंतर शिरलो. आत मिट्ट काळोख, मंचावर फक्त एक मिणमिणता कंदील. चाचपडत ऐटीत बसलो, तो थेट एका आजोबांच्या मांडीवर!

“अहो, ही सीट भरलीय!” आजोबा ओरडले. सगळे खदखदून हसले आणि लेकीचं पहिलं रडवेलं वाक्य त्या हशात बुडालं.

डोळ्यांतल्या पेशींत सायक्लिक जीएमपी नावाचा निरोप्या असतो. उजेड त्याला मोडतो. अंधारात तो पुन्हा साठतो आणि पेशी अंधुक उजेडही टिपू लागतात.

हळूहळू मलाही दिसू लागलं. आधी पलीकडच्या खुर्चीतून डोळे वटारणाऱ्या बायकोचा चेहरा, मग मंचावर पुढचं वाक्य विसरून उभी असलेली लेक. इतक्या लवकर दिसायला नको होतं.