चार वाजताची लाल शाई

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. देवावर माझी श्रद्धा आहे, पण चमत्काराची गोष्ट कानावर आली की आधी पुरावा मागायचा, ही जुनी सवय... त्यामुळे हे लिहायला संकोच वाटतोय.

यावलजवळच्या आमच्या शाळेच्या आवारात आम्ही चार ब्रदर एकत्र राहतो. ब्रदर म्हणजे फादर नव्हे — चर्चमधली मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, आम्ही अर्पण करत नाही. व्रत घेतो, लग्न करत नाही, आणि शिकवतो. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ ब्रदर लॉरेन्स. चाळीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले, तरी शांत बसवेना. आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या सुमनअक्कांना — माहेर सोनगीरचं, वय साठीच्या पुढे — ते रोज दुपारी चारला स्वयंपाकघरातच शिकवायचे. बाराखडी झाली होती, गाडी जोडाक्षरांवर अडली होती.

तेवढ्यात ब्रदरना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. त्यांना धुळ्याच्या हॉस्पिटलमध्ये नेलं, आणि तीन आठवडे मी त्यांच्या खाटेपासून हललो नाही. हे मुद्दाम सांगतोय.

परत आलो त्या दुपारी अक्कांनी ब्रदरच्या व्हीलचेअरशेजारी बसून वर्तमानपत्र उघडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ‘जिल्हा’, ‘विद्यार्थी’, ‘स्वातंत्र्य’... एकदाही अडखळल्या नाहीत. ब्रदरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही.

मी विचारलं, अक्का, कुणी शिकवलं?

“कोन म्हंजे? ब्रदरनीच. रोज चार वाजता येतस, मन्हा हात धरीसन गिरवाडतस.”

ब्रदर रोज येऊन हात धरून गिरवून घेतात? अक्कांना भास झाला असेल, असं मी मनात म्हटलं. मग त्यांनी वही आणून दिली. तीन आठवड्यांचं रोजचं एक पान, आणि प्रत्येक पानावर लाल शाईत दुरुस्त्या. ब्रदर लॉरेन्स आधी अख्ख्या ओळीभर शिरोरेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगतात. शब्द संपतो, पण रेघ तुटत नाही. असं लिहिणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. वहीत तीच रेघ होती.

घरी राहिलेल्या दोघांना विचारलं. एक ब्रदर केरळचे, मराठी लिहीत नाहीत. दुसरे मुख्याध्यापक, चार वाजता शाळेत असतात. दोघांनीही ती वही पहिल्यांदाच पाहिली.

शेवटी वही ब्रदर लॉरेन्सच्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, हे तुमचं अक्षर आहे ना? त्यांनी बराच वेळ पान न्याहाळलं. मग डाव्या हाताने वही बाजूला सारली आणि अक्कांकडे बोट दाखवलं — त्यांना पुढे वाचू दे.

उत्तर शोधणं मी हल्ली सोडलंय. पण कुणी विचारलं की तुम्ही कुठे राहता, तर शाळेचं नाव नंतर येतं... आधी मी ताठ मानेने सांगतो, ब्रदर लॉरेन्स राहतात ना, त्याच घरात.